चौघांच्या घरात आठवड्यातून दोनदा चिकन, ठरलेल्या बजेटमध्ये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चौघं, स्वयंपाकाचा महिन्याचा खर्च ठरलेला, मुलांना आठवड्यातून दोनदा चिकन हवं. चिरण्या-तोडण्याचा व्याप नको म्हणून तुम्ही बोनलेस ब्रेस्ट आणता. ते शिजल्यावर आक्रसतं, कोरडं पडतं, चौघांना पुरत नाही आणि बिल वाढतच जातं. मग स्वस्त चिकन मिळवायचं कुठून? माझ्या मते दुकान बदलून फार काही हाती लागणार नाही. कोणता भाग घेता, तो कसा शिजवता आणि उरलेल्याचं काय करता, पैसे वाचतात ते या तीन ठिकाणी.

आधी हिशोब, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. पाटीवरचा किलोचा दर ही अर्धीच माहिती असते. तुलना करायची ती खाता येणाऱ्या मांसाच्या किलोची. बोनलेसमध्ये सगळं मांसच असतं. कातडी काढलेल्या अख्ख्या कोंबडीत साधारण ६० ते ६५ टक्के मांस, बाकी हाडं. कातडीसकट घेतली तर मांस निम्म्याच्या जरा वर. म्हणजे बोनलेसचा दर कातडीविना अख्ख्या कोंबडीच्या दीडपट किंवा किंचित जास्त असेल, तर दोन्ही जवळपास सारख्याच भावात पडतात. तो पावणेदोन पट किंवा दुप्पट असेल तर अख्खी कोंबडी नक्की स्वस्त. कातडीसकटची तुलना करत असाल तर ही सीमा दुपटीच्या जवळपास सरकते.

म्हणूनच ‘अख्खी घ्या, तीच स्वस्त’ हा सरसकट सल्ला मी देत नाही. बोनलेसवर चांगली सवलत चालू असेल आणि दर या सीमेच्या आत आला असेल, तर खुशाल बोनलेस घ्या. फक्त अख्ख्या कोंबडीबरोबर हाडं येतात आणि त्या हाडांमधून एका जेवणाचं सूप निघतं, हे त्या बाजूला धरायला विसरू नका.

वजन कशाचं धरलंय तेही दर वेळी विचारा. जिथे जिवंत वजनावर विक्री होते तिथे पिसं, आतडी, डोकं, पाय गेल्यावर हातात ७० ते ७५ टक्केच येतं. कातडी काढली की आणखी कमी. त्यामुळे जिवंत वजनाचा दर आणि साफ केलेल्याचा दर शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो. फ्रोझन पाकिटाची मागची बाजू वाचा. काही पाकिटांत मिठाचं पाणी टोचलेलं असतं, काहींवर बर्फाचा थर असतो. लिहिलेलं वजन बर्फ धरून आहे का, पाण्याचं प्रमाण किती, हे नियमानुसार छापलेलं असेल तर दर ठरवताना तेवढं वजा करा.

स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर एक प्रयोग जरूर करा. एका वेळचं चिकन शिजवा, हाडं वेगळी काढा, नुसतं मांस तोला आणि दिलेल्या पैशांना त्या वजनाने भागा. शिजताना मांसाचं साधारण चौथा हिस्सा वजन पाण्याच्या रूपाने जातं, म्हणजे किलोभर बोनलेसचं पाऊण किलो होतं. ‘आक्रसतं’ म्हणता ते हेच. थोडी घट अटळ आहे, पण तुम्ही सांगताय त्यातली बरीचशी टाळता येण्यासारखी आहे. त्याकडे येतोच.

चौघांना लागतं किती? शिजलेलं १०० ग्रॅम मांस माणशी धरलं तर त्यातून २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि एका जेवणाला तेवढी भरपूर झाली. चौघांचं शिजलेलं ४०० ग्रॅम म्हणजे कच्चं बोनलेस साधारण साडेपाचशे ग्रॅम, किंवा कातडीविना अख्खी कोंबडी साडेआठशे-नऊशे ग्रॅम. दोन जेवणांना पावणेदोन किलो. एवढी मोठी कोंबडी मिळाली तर उत्तमच, कारण मोठ्या पक्ष्यात हाडांच्या मानाने मांस जास्त निघतं. नाही तर दोन लहान घ्या.

आता भाग. जिथे ब्रेस्टला मागणी जास्त असते तिथे मांडी आणि तंगडी स्वस्त मिळतात. काही ठिकाणी नेमकं उलटं असतं. तुमच्याकडे काय आहे ते पाहून घ्या. दोन्ही एकाच भावाला मिळत असतील तर मी डोळे झाकून मांडी उचलीन. चवीला सरस, शिजवायला सोपी, आणि चार-पाच मिनिटं जास्त शिजली तरी बिघडत नाही. प्रथिनांत ब्रेस्टच्या थोडी मागे आहे, पण घरच्या जेवणात तो फरक जाणवणारा नाही. पंखांच्या वाटेला मात्र मांस म्हणून जाऊ नका. त्यांच्या वजनातलं निम्म्याहून जास्त हाड आणि कातडीच असते, म्हणजे दर कमी दिसला तरी ते महागच पडतात. पाठ आणि मान सुटी मिळत असेल तर सूपासाठी जरूर घ्या.

कलेजीबद्दल वेगळं लिहितो, कारण ती सगळ्यात स्वस्त असूनही अनेक घरांत फेकली जाते आणि मला त्याचं वाईट वाटतं. १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत साधारण १७ ग्रॅम प्रथिनं आणि ९ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. ब्रेस्टमध्ये लोह १ मिलिग्रॅमही नसतं. वाढत्या मुलांना अधूनमधून थोडी द्यायला फार चांगली. तिच्यात अ जीवनसत्त्व मात्र खूप जास्त असतं, त्यामुळे गरोदर बाईने ती टाळावी आणि इतरांनीही रोज खाऊ नये. आतून गुलाबी ठेवू नका, पूर्ण शिजवा. पेटा, म्हणजे जठर, चिवट असतो; तो कुकरला लावा आणि मग परता.

अंडी देणं कमी झालेल्या जून कोंबड्या काही ठिकाणी वेगळ्या आणि कमी भावात विकल्या जातात. त्यांना वेळ द्यायची तयारी असेल तर सूप आणि रश्शासाठी त्यांच्यासारखी चव नाही. परतून किंवा भाजून खायला त्या उपयोगाच्या नाहीत.

अख्खी कोंबडी कापायला लोक उगाच घाबरतात. हाड तोडायची गरज नसते, सांधा शोधायचा असतो. पाय बाहेरच्या बाजूला वाकवला की मांडीचा खुबा सटकून वर दिसतो. सुरी त्याच्या फटीतून फिरवली की अख्खा पाय हातात येतो. पंखाचंही तसंच. मग मधल्या उभ्या हाडाला सुरी टेकवून छातीचं मांस दोन्ही बाजूंनी खरवडत सोडवायचं. सुरीला धार हवी. बोथट सुरीने मांस फाटतं आणि हात कापण्याची भीती उलट वाढते.

आता कोरडेपणाबद्दल. तुमची मुख्य तक्रार तीच आहे. ब्रेस्टच्या मांसात चरबी कमी आणि सांधून धरणाऱ्या तंतूंतलं कोलॅजेन नावाचं प्रथिनही कमी. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की ते खाण्यास सुरक्षित होतं. त्यापुढे आच देत राहिलात तर मांसाचे धागे आणखी आवळतात आणि फक्त पाणी बाहेर पडतं. पाय-मांडीचं नेमकं उलटं. तिथे कोलॅजेन जास्त, आणि ते विरघळून मऊ व्हायला ८० ते ९० अंशांपर्यंत जावं लागतं. म्हणून एकाच भांड्यात सगळे तुकडे एकदम टाकले की कोणता तरी एक भाग बिघडतोच. उपाय अगदी सोपा: आधी पाय आणि मांड्या घाला, १५ ते २० मिनिटांनी ब्रेस्टचे तुकडे. तुकडे सारख्या आकाराचे कापा. मंद उकळी ठेवा, खळखळ नको. ब्रॉयलर कोंबडीला कुकरची शिट्टी लागतच नाही; ब्रेस्ट तर कुकरमध्ये हमखास चोथा होतं. कुकर हाडांसाठी आणि जून कोंबडीसाठी ठेवा.

दुसरी गोष्ट मीठ. किलोभर मांसाला १० ग्रॅम मीठ चोळून चार-पाच तास किंवा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, तर मीठ आत शिरून प्रथिनांची ठेवण बदलतं आणि शिजताना पाणी धरून ठेवलं जातं. मसाला नसला तरी चालेल, मीठ मात्र आधी लावा. नंतर रश्शात तेवढं मीठ कमी घाला. ब्रेस्ट परतायचं असेल तर धाग्यांच्या आडवं, पातळ कापा आणि तापलेल्या भांड्यात थोडं थोडं घाला. सगळं एकदम ओतलं की भांडं गार पडतं, पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडलं जातं.

शिजलंय का हे रंगावरून ठरवू नका. कोवळ्या कोंबडीत हाडाजवळचं मांस पूर्ण शिजूनही लालसर दिसू शकतं, कारण हाडातल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो. त्याला घाबरून लोक आणखी अर्धा तास आच देतात आणि सगळं भांडं कोरडं करून टाकतात. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर असेल तर सर्वात जाड तुकड्याच्या मध्यात, हाडाला न टेकवता खुपसून पाहा.

हाडं, पाठ, मान कुकरमध्ये बुडेपर्यंत पाणी घालून मंद आचेवर पाऊण ते एक तास ठेवा. उघड्या पातेल्यात तेच दोन-तीन तास. गाळून गार केलं की वर चरबी जमते. ती काढून परतायला वापरा, तेल वाचेल. त्या अळणी पाण्यात भात शिजवा, डाळ शिजवा. दुसऱ्या जेवणात मांस थोडं कमी असलं तरी चिकनची चव सगळ्या ताटात उतरते. म्हणून पहिल्या दिवशी पाय-मांड्यांचा रस्सा, आणि दोन-तीन दिवसांनी, तोवर फ्रीझरमध्ये ठेवलेलं आणि आदल्या रात्री मीठ लावलेलं ब्रेस्ट अळणी पाण्यात शिजलेल्या भातात किंवा डाळ-बटाट्याबरोबर, अशी मांडणी मला सर्वात सोयीची वाटते.

साठवणीत हयगय केलीत तर वाचवलेलं सगळं कचऱ्यात जाईल. कच्चं चिकन फ्रीजमध्ये ४ अंशांखाली एक-दोन दिवसच. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर आणल्या दिवशीच उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये. एका जेवणापुरती पाकिटं करा, हवा काढून चपटी दाबा आणि वर तारीख लिहा. चपटं पाकीट लवकर गोठतं आणि लवकर सुटतं. बर्फ सोडवायचा तो आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खाली ताट ठेवून. ओट्यावर उघड्यावर नको. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. मुदत संपत आलेलं, सवलतीचं पाकीट घ्यायला हरकत नाही, पण ते घरी येताच शिजवा किंवा गोठवा. शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. उडणाऱ्या थेंबांतून साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टरसारखे जंतू ओटाभर पसरतात. रक्त दिसलं तर कागदाने टिपून घ्या, आणि सुरी, पाट, हात साबणाने धुवा.

राहिली मुलांची ब्रेस्टचीच सवय. मांडीचं मांस हाडातून सोडवा, बारीक चिरा आणि सुरुवातीला ब्रेस्टमध्ये निम्मं निम्मं मिसळून द्या. खिमा केला तर फरक कळणारही नाही. दोन-चार वेळा असं खाल्ल्यावर मऊपणामुळे बहुतेक मुलं स्वतःच मांडीचे तुकडे मागायला लागतात. तुमच्याकडे बोनलेस आणि अख्ख्या कोंबडीच्या दरांत किती पटींचा फरक आहे, आणि तोललेलं मांस किती निघालं, एवढं कळवा. मग दोन्हींपैकी तुम्हाला काय परवडेल ते नेमकं सांगता येईल.