क्लिपच्या लेन्सने फोटो सुधारतो का?

प्रश्न : माझी द्राक्षबाग आहे. पानांवरच्या फुलकिड्यांचे फोटो कृषी सहायकांना पाठवतो, पण नुसता हिरवा धुरळा दिसतो. फोनच्या कॅमेऱ्यावर चिमट्याने बसवायची तीनशे रुपयांची क्लिपची लेन्स घेतली तर फरक पडेल का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : या कामासाठी जरूर घ्या. फुलकिडा जेमतेम 1 मिमीचा असतो आणि फोनचा मुख्य कॅमेरा फार जवळच्या वस्तूवर फोकसच करू शकत नाही. क्लिपची मॅक्रो (जवळचे बारीक टिपणारी) लेन्स म्हणजे साधे बहिर्गोल भिंग. दहापट ताकदीच्या भिंगाचा फोकस साधारण 25 मिमीवर येतो, पंधरापटीचा 17 मिमीच्या आसपास. म्हणजे पान फोनपासून दोन बोटांवर धरायचे. हातभर लांबून पाहिले तर सगळे धूसरच दिसणार, लेन्स खराब आहे म्हणून नव्हे.

स्वस्त सेटमध्ये वाइड (रुंद दृश्य मावणारी) आणि मॅक्रो एकमेकींवर फिरकीने बसवलेल्या असतात. वरची मोठी वाइड फिरवून काढा. खाली उरते ती मॅक्रो. पुष्कळ जण हेच विसरतात.

आता बसवणे. फोनचे कव्हर काढा. कॅमेरा 1एक्सवर (म्हणजे झूम न करता) ठेवून मागच्या एकेका भिंगावर बोट ठेवा. ज्यावर ठेवल्यावर स्क्रीन काळी होते तो मुख्य कॅमेरा. क्लिप नेमकी त्यावर बसवा. एका कोपऱ्यात काळी चंद्रकोर दिसली तर लेन्स सरकली आहे. जवळ नेताच चित्र अचानक बदलले, तर फोनने आपणहून दुसरा कॅमेरा घेतला असे समजा. ऑटो मॅक्रो बंद करा किंवा प्रो मोडमध्ये मुख्य कॅमेरा निवडा.

एवढ्या जवळून जेमतेम 1-2 मिमी खोलीच स्पष्ट येते. त्यामुळे वाऱ्यात वेलीवरचे पान टिपायच्या भानगडीत पडू नका. शेंडा कागदावर झटका. पिवळसर पिल्ले काळ्या कागदावर उठून दिसतात, काळपट प्रौढ पांढऱ्यावर. शेजारी मोजपट्टी ठेवा, आकार लगेच कळतो. स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा, कोपर टेकवा आणि फोनच केसभर पुढेमागे करत एका दमात दहाबारा फोटो काढा. त्यातले एकदोन नक्की साधतात. फ्लॅश नको, लेन्सची सावली पडते. त्यापेक्षा सावलीच्या बाजूला पांढरा कागद उभा धरा.

कडा धूसर आणि जांभळट येणारच, एकाच भिंगाचा तो दोष आहे. किडा मधोमध ठेवा, कडा कापून टाका. आणि व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर कमावलेला सगळा बारकावा तिथे दाबला जातो.

प्रश्न : दहा बाय दहाच्या खोलीत सगळे कुटुंब फोटोत मावत नाही. वाइड लेन्स घ्यावी का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फोनमध्ये 0.5एक्स किंवा 0.6एक्सचा वाइड कॅमेरा असेल तर घेऊ नका. क्लिपच्या वाइडने कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात आणि धूसरही होतात. 0.5एक्स नसेल तरच विचार करा, आणि माणसे मधल्या दोन तृतीयांश भागात बसवा.

प्रश्न : भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला जाणार आहे. लांबचे जवळ दाखवणारी आठपट टेलिफोटो क्लिप कशी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नको. तिचे पुढचे भिंग बहुतेक वेळा 18 मिमीच्या आसपास असते, प्रकाश कमी येतो. वजनाने क्लिप ओघळते, हाताचा कंपही आठपट दिसतो आणि होडीतून पाहिले तर होडीही हलतच असते. कुणाकडे 8x42 (आठपट, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण असेल तर मागा. 42 मिमीचे भिंग कितीतरी जास्त प्रकाश घेते. आयकप (डोळा लावायच्या भिंगाभोवतीची रबरी कड) खाली दाबा, त्या भिंगावर फोनचा मुख्य कॅमेरा मधोमध टेकवा, काळी कड जाईपर्यंत दीड-दोनपट झूम करा. दुर्बीण काठावरच्या तिपाईवर किंवा गाडीच्या खिडकीत घडी केलेल्या टॉवेलवर टेकवा, आणि बटण न दाबता 3 सेकंदांचा टायमर लावा.