वाचक विचारतात : गाडी घरी चार्ज करायची, पण कुठल्या प्लगला?

गणपती जवळ आले की या सदराच्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी इन्व्हर्टर आणि पाण्याचे पंप चालू असतात, आता सगळ्यांना इलेक्ट्रिक गाडीचं पडलंय, कारण मुंबई-पुण्याची मंडळी ती घेऊन गावी येतात आणि आल्या आल्या विचारतात, पॉवर पॉइंट कुठाय? म्हणून या वेळी सगळी पत्रं त्यावरचीच घेतली.

प्रश्न : मुलगा गणपतीला पुण्याहून इलेक्ट्रिक गाडी घेऊन येतो. पडवीच्या भिंतीवर गिझरसाठी बसवलेला जुना पॉवर प्लग आहे, त्यालाच लावतो. मागच्या वर्षी दोन तासांनी बघितलं तर प्लगला हात लावता येईना इतका तापलेला आणि सॉकेटचं तोंड पिवळं पडलं होतं. नुसता सॉकेट नवीन बसवला तर चालेल ना? – एक वाचक, गुहागर

उत्तर : काका, आधी तो सॉकेट बंद करा, म्हणजे बोर्डातला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावा, नाहीतर कोणीतरी मोबाइल लावायला जाईलच. पिवळं पडलेलं प्लास्टिक म्हणजे आतली पितळी पट्टी भाजून ढिली झालीय, ती परत घट्ट होत नाही.

आता हे का होतं ते बघा. गिझर २००० वॅटचा धरला तर तो ओढतो साधारण पावणेनऊ ॲम्पियर, तेही पंधरा-वीस मिनिटं, मग थर्मोस्टॅट बंद करतो आणि सॉकेट गार होतो. गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर ३.३ किलोवॅटचा असतो, तो १४-१५ ॲम्पियर ओढतो आणि बॅटरी रिकामी असेल तर सात-आठ तास जराही उसंत न घेता ओढत राहतो. सॉकेटवर १६ ॲम्पियर छापलेलं असतं हे खरं, पण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत दहा वर्षं काढलेल्या सॉकेटला ते लागू होत नाही. पितळेवर हिरवट थर चढतो, पिनेची पकड सुटते आणि तिथे थोडा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला अडथळा, तयार होतो. थोडा म्हणजे किती, तर समजा ०.१ ओहम. १५ ॲम्पियरला त्या एका टोकात साडेबावीस वॅटची उष्णता निघते, म्हणजे सॉकेटच्या पोटात डाग द्यायचं छोटं सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू ठेवल्यासारखं आहे. आणि एमसीबी पडत नाही हां, कारण करंट वाढलेलाच नसतो, त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय. माझ्या मते घरच्या चार्जिंगमधली सर्वात मोठी भीती शॉकची नसून हीच आहे, कुणाला न कळता तापत राहणाऱ्या कनेक्शनची.

त्यामुळे नुसता सॉकेट बदलून भागणार नाही. मेन बोर्डातून गाडीसाठी वेगळी लाइन काढा, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, मध्ये कुठेही जोड नको, त्या लाइनवर दुसरं काहीही नको, आणि तिला स्वतःचा सी-कर्व्हचा (चालू होतानाच्या क्षणिक झटक्याला न पडणारा) एमसीबी. प्लग जुना आहे म्हणता तर आत ॲल्युमिनियमची वायर असू शकते, तिला नवी तांब्याची वायर पिळून जोडायचा मोह वायरमनला होतो, तो होऊ देऊ नका. सॉकेट घेताना आयएस १२९३ आणि आयएसआयची खूण बघा, १६ ॲम्पियरचा साधा तीन भोकांचा घ्या. जगातला कुठलाही प्लग बसतो असे ते युनिव्हर्सल सॉकेट असतात ना, ते गाडीला अजिबात नकोत, सगळ्यांना जागा द्यायची म्हणून त्यांची पकड कुणालाच नीट नसते. दुकानात गाडीच्या चार्जरसारखा जाड पिनांचा टॉप, म्हणजे प्लग, घालून बघा, ओढताना जोर लागला पाहिजे. आणि चार्जरचा जड डबा सॉकेटवर लोंबकळत ठेवू नका, भिंतीला हूक मारून त्यावर अडकवा, त्या वजनानेच पिना वाकड्या होऊन पकड जाते.

पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा, मग दोन तासांनी परत. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बंद. काही गाड्यांत आणि चार्जरमध्ये करंट १० ॲम्पियरवर आणायची सोय असते, गावच्या मुक्कामात ती वापरायला मुलाला सांगा. १० ॲम्पियरने आठ तासांत साधारण १८ युनिट जातात, त्यात शंभर किलोमीटर आरामात होतात, आरतीला या वाडीतून त्या वाडीत जायला अजून किती लागणार?

प्रश्न : आमचं घर जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) आहे. नवीन गाडीचा चार्जर लावला की अर्थिंगचा लाल दिवा लागतो, चार्जिंग सुरूच होत नाही. वायरमन म्हणतो सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतो, दिवा जाईल. करू का? – एक वाचक, देवगड

उत्तर : नाही. हा उपाय कोकणात फार चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवा जाईल हे तो खरं सांगतोय, पण चार्जर ज्या गोष्टीबद्दल ओरडत होता ती तशीच राहील, फक्त त्याचं तोंड बंद होईल. चार्जरमधून अर्थची वायर थेट गाडीच्या पत्र्याला जाते. तुम्ही न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरला, अर्थ जोडलात म्हणजे गाडीचा पत्रा न्यूट्रलला जोडलात. आता वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला असं समजा, निसर्ग आणि तौक्ते चक्रीवादळांनंतर असे किती तुटले होते ते आठवतंय ना? न्यूट्रल तुटला की घरातले चालू पंखे-दिवे यांच्यातून फेज, म्हणजे जिवंत वायरची वीज, पलीकडे येऊन बसतो आणि अख्ख्या गाडीचा पत्रा २३० व्होल्टला जातो. गाडी रबरी टायरवर उभी, त्यामुळे तो करंट जमिनीत जात नाही, तो वाट बघत थांबतो, ओल्या अंगणात अनवाणी येऊन दाराला हात लावणाऱ्या माणसाची. शिवाय एरवीसुद्धा काही लीकेज झालं तर ते गुपचूप न्यूट्रलमधूनच परत जातं, म्हणून आरसीसीबीला (करंट गळू लागला की लाइन तोडणाऱ्या स्विचला) त्याचा पत्ताच लागत नाही.

खरं काम अर्थिंगच्या खड्ड्याचं आहे. जांभ्यातून पाणी झिरपून जातं, पावसात अर्थिंग बरं असतं आणि मार्च-एप्रिलला सडा कोरडा ठणठणीत झाला की त्याचा रेझिस्टन्स खूप वाढतो. म्हणून खड्डा घराच्या सोयीने न घेता ओलाव्याच्या सोयीने घ्या, विहिरीच्या बाजूला किंवा जिथे न्हाणीचं पाणी माडांना सोडलंय तिथे, आणि तिथून अर्थची वायर घरापर्यंत आणा. मीठ-कोळसा घालून जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप पुरायची जुनी पद्धत आहे, पण मिठाने समुद्राकाठी पाइप लवकर गंजतो. तांब्याचा थर दिलेला रॉड आणि भोवती बेंटोनाइट (ओलावा धरणारी माती) हे जास्त टिकतं. एका खड्ड्यात जमत नसेल तर थोड्या अंतरावर दुसरा घेऊन दोन्ही जोडायचे. तपासणी अर्थ टेस्टरने करून घ्या आणि उन्हाळ्यात करा, टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे अर्थिंग झालं असं नसतं. पाचेक ओहमच्या आत आलं तर उत्तम.

सड्यावर पाच कधीकधी येतच नाहीत, वीस येतात. मग काय? वीस ओहमला फेज पत्र्याला लागला तरी वाहणार २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा ॲम्पियर. एवढ्याने १६ चा एमसीबी हलणारसुद्धा नाही! पण ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी झटक्यात पडेल. म्हणून जांभ्यावरच्या घरात आरसीसीबी ही चैन नाहीये. तो ए टाइपचा घ्या. साधा एसी टाइप स्वस्त मिळतो, त्यावर नुसती एक नागमोडी लाट छापलेली असते, ए टाइपवर तिच्या जोडीला अर्ध्या लाटांची दुसरी खूण असते. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून थोडा डीसी (एकाच दिशेने वाहणारा करंट) लीक झाला तर एसी टाइप आंधळा होऊ शकतो. ए टाइपलाही डीसीची मर्यादा आहेच, ती ६ मिलिॲम्पियर, म्हणून वॉलबॉक्स (भिंतीवर कायमचा बसवायचा चार्जर) घेणार असाल तर त्यात ६ मिलिॲम्पियरचं डीसी संरक्षण आहे का हे विचारून घ्या. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

प्रश्न : आमचा किनाऱ्याजवळ होमस्टे आहे. पाहुणे आता बुकिंगच्या आधीच चार्जिंगचं विचारतात. गाड्या लागतात त्या माडाखाली, घरापासून ४० मीटरवर. आमचो वायरमन म्हणता, एक्स्टेन्शन बोर्ड टाकूया, काय होवचा नाय. बाहेर पावसात सॉकेट कसला लावावा? पंपाच्या खोलीत शेतीचं कनेक्शन आहे ते जवळ पडेल, तिथून घेतलं तर? – एक वाचक, मालवण

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, पंपाचं विसरा. शेतीच्या दरातली वीज गाडीला लावणं म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खालचा अनधिकृत वापर, महावितरणने पकडलं तर जास्तीच्या दराने वसुली होते. एक्स्टेन्शनही नको. ओल्या वाळूत पडलेला तो बोर्ड आणि त्यावरून जाणारी पाहुण्यांची पोरं, विचार करूनच अंगावर काटा येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये चार्जिंग स्टेशनसाठी जे नियम आणले त्यात एक्स्टेन्शनला मनाईच आहे, आणि सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिमी उंच हवा असंही म्हटलंय. घरीसुद्धा तेच माप धरा, तुमच्याकडे पाणी तुंबत असेल तर अजून वर.

४० मीटर म्हणजे जाऊन-येऊन ८० मीटर तांबं. २.५ स्क्वेअर एमएमला १५ ॲम्पियरवर जवळजवळ ९ व्होल्ट वाटेतच पडतात आणि १३० वॅटच्या वर वीज वायर तापवण्यात जाते, ६ स्क्वेअरला पावणेचारच्या आत व्होल्ट पडतात. तुम्ही ६ ची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल जमिनीखालून न्या, एकदाच खर्च होईल.

आता सॉकेट. निळा गोल इंडस्ट्रियल सॉकेट समुद्राकाठी मला सगळ्यात आवडतो, पकड दणकट आणि झाकण पक्कं, पण पाहुण्यांच्या चार्जरला घरगुती थ्री पिन टॉप असतो, तो त्यात बसत नाही, आणि टॉप कापून दुसरा लावायला कुणालाही देऊ नका, वॉरंटी जाते आणि काही टॉपमध्ये तापमानाचा सेन्सर असतो तोही जातो. तुमच्यासारख्या ठिकाणी सरळ केबलवाला वॉलबॉक्स बसवावा हे माझं मत. तो लाइनला कायमचा जोडलेला असतो, मध्ये थ्री पिनची भानगडच नाही, आणि आपल्याकडच्या आताच्या बहुतेक चारचाकींना टाइप २ ची गनच (गाडीत घालायचं केबलचं टोक) लागते. ७.२ किलोवॅटचा ३२ ॲम्पियर ओढतो, त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल आणि ४० मीटरला १० स्क्वेअरची केबल बघावी लागेल, पण बरेच वॉलबॉक्स १६ ॲम्पियरवर सेट होतात. रात्रभर मुक्कामाला आलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

वॉलबॉक्स जमत नसेल तर आयपी ५५ च्या (धूळ-पाणी रोखण्याचं रेटिंग) डब्यात १६ चा थ्री पिन, पण डबा असा हवा की प्लग आत असतानाही झाकण बंद होईल. झाकण उघडं ठेवून चार्जिंग होणार असेल तर ते आयपी काय कामाचं? वर पत्र्याची पडवी बांधा. आणि माडाखालून जागा हलवा हो, नारळ काही आयपी रेटिंग बघून पडत नाही.

प्रश्न : आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८०-१९० पर्यंत उतरतं. चार्जरला स्टॅबिलायझर लावावा का? – एक वाचक, राजापूर

उत्तर : नको. चार्जर करंट ठरलेल्या मर्यादेतच ठेवतो, म्हणजे १९० व्होल्टला १५ ॲम्पियरने २.८५ किलोवॅट जातील, वेळ थोडा जास्त लागेल एवढंच. स्टॅबिलायझर मागच्या लाइनमधून अजून करंट ओढेल आणि तापणारे जोड वाढवेल. रात्री अकरानंतर वाडीतले पंप-मिक्सर बंद झाले की लावा.

प्रश्न : फ्लॅटमध्ये राहतो, सोसायटी म्हणते पार्किंगमध्ये सॉकेट काढायला परवानगी नाही. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे. सोसायटीची खरी भीती बहुधा दोन असतात, बिल कोण भरणार आणि आग लागली तर. म्हणून मीटर रूममधल्या तुमच्याच मीटरवरून लाइन घेणार, परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेणार आणि आरसीसीबी कुठे असेल, हे कागदावर लिहून द्या. कॉमन मीटरवरच्या जिन्याच्या दिव्याच्या प्लगला गाडी लावू नका, भांडण तिथूनच सुरू होतं.

प्रश्न : विजा चमकत असताना चार्जिंग चालू ठेवावं का? आणि गेल्या पावसात अंगणातला सॉकेट पाण्याखाली गेला होता, वाळवून वापरतोय. – एक वाचक, दापोली

उत्तर : गडगडाट सुरू व्हायच्या आधीच एमसीबी पाडून मग प्लग काढा, कडकडाट चालू असताना अंगणात काढायला जाऊ नका. बोर्डात एसपीडी (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारं उपकरण) बसवून घेतलंत तर चांगलंच, पण त्याला अर्थिंग धड लागतं. बुडालेला सॉकेट फेकून द्या. त्याच्याबरोबर बुडालेला एमसीबी असेल तर तोही. बाकी सॉकेटसुद्धा पाऊस संपला की मेन बंद करून वायरमनकडून उघडून बघा, स्क्रू आवळून घ्या, आत मुंग्यांनी माती भरलेली असते, आणि पितळ हिरवं दिसलं तर घासत बसू नका, नवीन लावा.