आधी प्रिंट कोणती ते सांगा

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात कालवलं. तीन रविवार खर्ची घालून हॅरी पॉटरच्या चित्रपटांतल्या ३८ चुकांची यादी केलीत, आणि मावसभावाने एका वाक्यात निकाल लावला: "जादूच्या सिनेमात कसल्या चुका काढतेस?" वर आणखी एकाने कळवलं की यादीतल्या पाच-सहा गोष्टी त्याच्या प्रिंटमध्ये, म्हणजे त्याच्याकडच्या कॉपीत, दिसतच नाहीत. आता यादी ठेवू की फाडू, असं विचारताय.

ठेवा. मावसभावाकडे नंतर येते. तो दुसरा माणूस जे म्हणतोय ते आधी घ्या, कारण नेमकं तेच मला २००५ मध्ये कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याची किंमत मी भरलेली आहे.

(मी सिनेमाच्या धंद्यातली नाही. पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब तपासते. त्यामुळे खालचं सगळं एका हौशी बाईचं मत समजा. वेळ टिपून ठेवणं, तोच प्रसंग थांबवून दोनदा बघणं वगैरे तुम्ही करतच असाल, त्यावर शब्द घालवत नाही.)

झालं असं. तेव्हा आमच्या गावात एक छोटं चित्रपट मंडळ होतं आणि त्यांचा दिवाळीत एक अंक निघायचा. संपादक सरांनी मला "फँटसी चित्रपटांतल्या गफलती" असा लेख लिहायला सांगितला. जमला तर पुढच्या वर्षी सदर देतो म्हणाले. मी हरभऱ्याच्या झाडावर. दुसरा पॉटरपट, म्हणजे २००२ चा, टीव्हीवर दोनदा लागून गेला होता. दोन्ही वेळा मी वही घेऊन बसले होते. लेखात २६ चुका दिल्या आणि पहिल्या क्रमांकावर माझा हुकमी एक्का टाकला: क्विडिचच्या (झाडूवर बसून खेळायचा खेळ) सामन्यात हॅरीचा हात मोडतो, आणि पुढच्याच प्रसंगात दवाखान्यात त्याला नवी हाडं उगवण्याचं औषध पाजतात. मोडलेलं हाड जोडायचं असतं, उगवायचं कशाला? यावर मी चांगला पाऊण पानाचा विनोद केला होता. आमच्या गल्लीतल्या हाडवैद्यालाही मध्ये ओढलं होतं.

अंक निघाल्यावर आठव्या दिवशी एका शाळकरी मुलीचं पत्र आलं. निळं आंतरदेशीय, अक्षर मोत्यासारखं. तिने लिहिलं होतं की मधे हॅरीच्या शाळेतले लॉकहार्ट सर मोडका हात बरा करायला जातात आणि मंत्र चुकून हातातली हाडंच गायब करतात, हात रबरासारखा लोंबतो, म्हणून हाडं उगवावी लागतात. आणि शेवटी: "काकू, तुम्ही चित्रपट पाहिला आहे ना?"

तो तुकडा वाहिनीने कापला होता. का, ते आजतागायत मला कळलेलं नाही. जेवणाच्या वेळी लोंबता हात नको वाटला असेल, किंवा जाहिरातींना जागा हवी असेल.

इथवर झालं ते एक वेळ माफ होण्यासारखं होतं. माझी खरी चूक पुढची. मी चूक कबूल केली नाही. "माझ्यासमोर जे दाखवलं त्यावर मी बोलणार", "चित्रपट स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे" असली वाक्यं लिहून सरांना दोन पानांचं उत्तर पाठवलं आणि ते छापाच म्हणून हटून बसले. दीड महिना हे चाललं. मुलीची बाजू घेणारी आणखी चार पत्रं आली. शेवटी सरांनी स्वतःच्या नावाने खुलासा छापला. सदर गेलं ते गेलंच, आणि माझं मंडळात जाणंही बंद झालं. सर पुढे रस्त्यात भेटले की पावसापाण्याचं बोलायचे.

त्या वाहिनीच्या प्रेक्षक विभागाची तऱ्हा वेगळीच. मला एवढंच लेखी हवं होतं की या प्रसंगात काटछाट झाली आहे किंवा नाही. तीन पत्रं, दोन ई-मेल, एक एसटीडी फोन. फोनवर एका बाईंनी "कुठली मालिका?" असं तीनदा विचारलं. ई-मेलला उत्तर आलं की आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. सूचना! मी प्रश्न विचारला होता हो. चौथ्या महिन्यात एक जाड पाकीट आलं, धावत जाऊन उघडलं, तर आत पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमांचं रंगीत वेळापत्रक. असो. रक्तदाब वाढतो.

तर मुद्दा असा की यादीतल्या प्रत्येक चुकीपुढे "कुठे पाहिलं" हा रकाना घाला. थिएटर, टीव्ही, डिस्क की ऑनलाइन. डिस्क असेल तर मूळ की वाढीव आवृत्ती. मराठी घरांत अर्धे वाद या एका रकान्याअभावी पेटतात असं माझं प्रामाणिक मत आहे. लॉर्ड ऑफ द रिंग्जचं बघा. तिसऱ्या भागाच्या थिएटर आवृत्तीत, २००३ च्या, पिपिन या पात्राला आयझेनगार्डच्या, म्हणजे सारुमान या दुष्ट जादूगाराच्या गडाच्या, पाण्यात तो जादूचा काळा गोळा सापडतो. तो तिथे आला कुठून? वाढीव आवृत्तीत सारुमान मनोऱ्यावरून पडतो तो प्रसंग आहे, गोळा त्याच्याजवळचा. थिएटरसाठी तो प्रसंगच काढला होता. तसंच अंगठीसाठी वेड्या झालेल्या गॉलमला दोराने बांधतात तेव्हा तो दोर भाजतो म्हणून का किंचाळतो? दोर एल्फांचा, म्हणजे एका जादुई जमातीचा आहे, नायक फ्रोडोचा सोबती सॅम याला तो भेट मिळतो, पण भेटवस्तूंचा तो पूर्ण प्रसंग पहिल्या भागाच्या वाढीव आवृत्तीतच आहे. दोन भाऊ दोन आवृत्त्या बघून भांडतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. या दोन्ही जागांना मी चूक म्हणत नाही, भोक म्हणते. चूक म्हणजे चित्रपट स्वतःचंच म्हणणं खोडतो ती. भोक म्हणजे सांगायचं राहून गेलं ते.

प्रिंटची गंमत इतकी की ती नसलेली माणसंही उभी करते. १९३९ च्या विझार्ड ऑफ ऑझमध्ये जंगलात मागे कुणीतरी फास लावून घेतलेला दिसतो ही अफवा तुम्ही ऐकली असेलच. घासून घासून मेलेल्या व्हिडिओ कॅसेटवर तसं वाटायचंही. साफ केलेल्या प्रिंटमध्ये सरळ दिसतं की तो मोठा पक्षी पंख पसरतोय. सेटवर सजावटीसाठी लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयातून पक्षी आणले होते. त्याच चित्रपटात बुजगावणं भेटतं त्या प्रसंगात नायिका डोरोथीच्या वेण्या लांब-आखूड होत राहतात, ती मात्र खरीखुरी चूक, कुठल्याही प्रिंटमध्ये बघा. पण वेण्यांची गोष्ट कुणी रात्री गच्चीवर बसून सांगत नाही.

अवांतर: यादीत मिनिटं लिहिता ना, मग हेही ध्यानात घ्या. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडचा जुना टीव्ही आणि बऱ्याच डिस्का २५ ने. म्हणजे सगळं चार टक्के जलद. १६१ मिनिटांचा सिनेमा १५५ च्या आत संपतो, एक फ्रेम न कापता. मी हे माहीत नसताना "वाहिनीने सहा मिनिटं खाल्ली" असा आरोपही एका पत्रात केला होता. त्यांनी खाल्ली तर होतीच, पण ती सहा नव्हेत.

आता तुमची यादी. सगळी ३८ घेत नाही, चार घेते.

पहिल्या भागातलं मेजवानीचं टेबल: हॅरी एका बाजूला रॉनशेजारी बसतो आणि ताटं भरतात तेव्हा समोरच्या बाजूला हर्मायनीशेजारी असतो. ही चूक, शंभर टक्के. मावसभाऊ म्हणणार, जादू! त्याला सांगा की जादूने ताटं भरली तेव्हा हॅरीचे डोळे विस्फारले. जादूने तो स्वतः टेबलापलीकडे गेला असता तर निदान एकाने तरी "अरे" म्हटलं असतं. माझा हा नियम मी कुणाला विकत नाही, पण वीस वर्षं वापरतेय: जादू असेल तर पडद्यावरच्या कुणालातरी ती कळते. फक्त आपल्यालाच कळली तर ती चूक. फँटसीत काहीही चालतं हे मला मान्यच नाही. उलट तिथे नियम जास्त कडक हवेत, कारण बाहेरच्या जगाचा आधार घेता येत नाही. फाळक्यांच्या १९१७ च्या लंकादहनात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंक्यांनीच केले होते. तिथे प्रेक्षकांनी ते मान्य केलं, कारण तो उघड करार होता. हॅरीच्या खुर्चीबद्दल आपल्याशी कुणी करार केलेला नाही.

अशा चुका राहतात का, तर बहुतेकदा संकलक जाणूनबुजून ठेवतो म्हणून. वॉल्टर मर्च या संकलकाने कट कुठे द्यावा याचं वजनच मांडून ठेवलंय: भावनेला ५१ टक्के, आणि कोण कुठे बसलंय-उभं आहे या जागेच्या हिशेबाला सगळ्यात शेवटी, ४ टक्के. मुलाच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य दुसऱ्या टेकमध्ये चांगलं आलं असेल तर खुर्ची गेली खड्ड्यात. हिशेबनीस म्हणून मला हे पटत नाही, प्रेक्षक म्हणून पटतं.

शाळेचा रखवालदार हॅग्रिड याची झोपडी: आधीच्या दोन भागांत साधारण सपाटीवर, तिसऱ्यात एकदम डोंगरउतारावर. दिग्दर्शक बदलला, अल्फॉन्सो क्वारॉन आला, झोपडीचा सेट स्कॉटलंडमध्ये ग्लेनकोच्या उतारावर बांधला. ही चूक धरू नका, याला घर बदललं म्हणा. फ्लिटविक सरांचंही तेच. आधी पांढऱ्या दाढीचे म्हातारे, नंतर काळ्या केसांचे, नट मात्र तोच, वॉरविक डेव्हिस. "बदल" असा वेगळा विभाग करून त्यात टाका, नाहीतर यादी फुगते आणि खऱ्या चुकांची धार जाते. माझ्या २६ पैकी निम्म्या अशाच होत्या.

लिलीचे, म्हणजे हॅरीच्या आईचे, डोळे: इथे मी तुमच्याहून कडक आहे. पुस्तकात हॅरीचे डोळे हिरवे, पडद्यावर निळे, कारण लेन्सचा हॅरी झालेल्या रॅडक्लिफला त्रास झाला. ठीक, पुस्तक वेगळं, पडदा वेगळा. पण "तुझे डोळे अगदी तुझ्या आईसारखे" हे वाक्य चित्रपट स्वतः पुन्हा पुन्हा म्हणतो, त्यावर स्नेप सरांची सगळी गोष्ट तोलून धरतो, आणि २०११ च्या शेवटच्या भागात लहानपणची लिली दाखवतो ती गडद तपकिरी डोळ्यांची. ड्रॅगन उडवायला पैसे होते, दोन बुबुळं रंगवायला नव्हते? तुम्ही ही चूक २९ व्या क्रमांकावर ढकललीय. वर आणा.

आणि मावसभावाला आणखी एक सांगा, चूक काढणं म्हणजे अपमान नव्हे. मूळ लेखिकेकडूनही झालीय. चौथ्या पुस्तकात कांडीतून मेलेल्यांच्या छाया उलट्या क्रमाने बाहेर येतात, म्हणजे नंतर मेलेली हॅरीची आई आधी यायला हवी, पण सुरुवातीच्या छपाईत वडील आधी आले. वाचकांनी बोट ठेवलं, पुढच्या छपाईत दुरुस्ती झाली. रिंग्जचा लेखक टॉल्किन, त्याने तर कमाल केली. १९३७ च्या हॉबिटमध्ये गॉलम अंगठी खुशीने पैजेवर लावतो. पुढच्या कथेशी ते जुळेना, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत त्याने ते प्रकरणच बदललं, आणि जुनी हकिकत म्हणजे नायक बिल्बोने मारलेली थाप होती असं ठरवून टाकलं. आमच्या ऑफिसात अशी नोंद फिरवली तर नोकरी जाईल.

एवढं सगळं करूनही खरं कसब निसटतंच, याची तयारी ठेवा. रिंग्जच्या तिसऱ्या भागात पायऱ्यांवर फ्रोडो सॅमला घरी जा म्हणतो, आठवतंय? त्यातली सॅमची बाजू १९९९ मध्ये चित्रित झाली, पुरामुळे बाहेरचं काम अडलं म्हणून एका हॉटेलातल्या स्क्वॉश कोर्टात सेट लावून. फ्रोडोची बाजू जवळजवळ एक वर्षाने. दोघं एकमेकांकडे बघून रडतात आणि मधे वर्ष गेलेलं आहे. मी तो प्रसंग निदान पंधरा वेळा पाहिला, वहीत एक रेघ नाही.

शेवटचं, तुमचा २२ नंबर. दुसऱ्या भागात हॅरी आणि त्याचा शाळेतला वैरी ड्रॅको यांचं द्वंद्व चालू असताना कडेला खाली बसलेला माणूस दिसतो, आणि तुम्ही लिहिलंय, "हा कुठल्या हाउसचा विद्यार्थी?" तो विद्यार्थी नाही. हातात कॅमेरा आहे त्याच्या, युनिटचाच माणूस आहे. दोनदा वही घेऊन बसले होते तरी मला तो २००५ मध्ये दिसला नाही, टीव्हीच्या प्रिंटची कड कापलेली होती की माझं लक्ष हाडांकडे होतं, देव जाणे. तुम्ही कुठल्या डिस्कवर पाहिलात ते जरूर कळवा. शनिवारी माझ्याकडची लावून बघते.