विद्यापीठातलं संशोधन कंपनीला द्यायचंय, पेटंट आहे. रॉयल्टी किती मागावी?

रॉयल्टीचं नंतर बघू. आधी सांगा, तो प्रयोग ज्याच्या हातचा आहे तो कंपनीत जाणार आहे का?

पीएचडीच्या काळात मी पाणी गाळायचं मेम्ब्रेन बनवायचो. काचेवर पॉलिमरचं द्रावण पट्टीने ओढायचं, क्षणभर हवेत ठेवायचं आणि पाण्यात बुडवायचं. पेटंटमध्ये लिहिलं होतं, 'दहा ते तीस सेकंद'. मी घड्याळाकडे कधी पाहिलंच नाही. थराची चकाकी कडेने मावळायला लागली की काच पाण्यात. दमट हवेत अंदाज बदलायचा. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण मलाही ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

कंपनीने परवाना घेतला. त्यांच्या यंत्रावर मीटरभर रुंदीचा पट्टा निघाला आणि चाचणीचं रंगीत पाणी त्यातून जसंच्या तसं खाली उतरलं. तीनदा. मग फोन आला, "मुलाला दोन महिने पाठवा." गाइड म्हणाले, "थिसिस आधी. आपलं काम पेपरपर्यंत, पुढचं त्यांचं." चौथी चाचणी झालीच नाही. कंपनीकडे चिकाटी नव्हती, असं सर आजही म्हणतात. तीनदा माल वाया घालवून वर फोन करणाऱ्यांबद्दल हे मला पटत नाही. दोन महिने माझेच द्यायचे होते आणि मी द्यायला तयार होतो.

गूगलचं बघा. शोधात वेबपानांचा क्रम लावणाऱ्या पेजरँक पद्धतीचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर होतं, पण ज्यांनी ते घडवलं तेच कंपनीत गेले. परवान्यापोटी मिळालेले शेअर विकून विद्यापीठाला सुमारे 33.6 कोटी डॉलर मिळाले.

हां, नुसत्या पेटंटवरही चालतं कधी कधी. कोहेन आणि बॉयर या शास्त्रज्ञांच्या जनुक जोडण्याच्या पद्धतीचे परवाने चारशेहून जास्त कंपन्यांनी घेतले. पण ती पद्धत पेपर वाचून प्रयोगशाळांनी आधीच उचलली होती. तो पेपर 1973 मध्ये आला आणि पेटंटचा अर्ज 1974 मध्ये गेला, त्यामुळे अमेरिकेबाहेरचे हक्क मात्र गेले. तुमच्या पेटंटमध्ये नसलेलं काही पेपरमध्ये येणार असेल, तर त्याचा अर्ज जाईपर्यंत तो पेपर थांबवा.

रॉयल्टीचा आकडा क्षेत्रागणिक बदलतो, तो मी सांगणार नाही. ठरलेल्या मुदतीत चाचण्या झाल्या नाहीत तर परवाना परत, हे कलम मात्र घालाच. आणि विद्यार्थ्याचे कंपनीतले महिने, त्याचा पगार, थिसिसची वाढीव मुदत, हे सगळं सही करण्याआधी गाइडकडून लिहून घ्या.