आधी त्याला काही अवघड दे

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वर्गातल्या त्या मुलाबद्दल तू मनापासून लिहिलं आहेस. गणितं सगळ्यांच्या आधी उरकतो आणि मग शेजारच्याला डिवचत बसतो. गृहपाठाची वही कोरी, अक्षर वाचवत नाही. आणि मध्येच असा एखादा प्रश्न विचारतो की तू घरी गेल्यावरही त्याचाच विचार करत राहतेस. हा मुलगा खरोखर प्रज्ञावान आहे का आणि ते ठरवायला कोणती चाचणी घ्यावी, असं तू विचारलं आहेस.

माझं उत्तर आधीच सांगते. चाचणीचं नंतर बघू. आधी त्याच्यापुढे असं काही ठेव, जे त्याला पाहिल्या पाहिल्या येणार नाही. ते समोर आल्यावर तो काय करतो, हे नीट बघ. मुलाला ओळखणं आणि त्याची गरज भागवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आधी पहिलं संपवायचं आणि मग दुसऱ्याला हात घालायचा, असं आपल्याला वाटतं. शाळा तर वर्षानुवर्षं पहिल्यावरच अडून बसतात. वर्गात ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात. सोप्या कामात सगळी हुशार मुलं सारखीच दिसतात.

घटक चाचणीचंच बघ. वीसपैकी वीस मिळवणाऱ्या दोन मुली आहेत. एकीने धडा चांगला समजून घेतला, मेहनत केली, सगळं बरोबर लिहिलं. दुसरीला ते सगळं दोन वर्षांपूर्वीच येत होतं. गुणपत्रकात दोघी शेजारी शेजारी उभ्या असतात, कारण प्रश्नपत्रिका तिथेच संपली. दुसरीची झेप कुठवर जाते हे विचारायला त्या कागदावर जागाच नव्हती.

आपण शिक्षक ज्यांना 'हुशार' म्हणतो त्यांत टापटीप वही, वर केलेला हात, वेळेवर पूर्ण झालेलं काम आणि घरातून मिळालेली भाषा यांचा वाटा मोठा असतो. या गोष्टी चांगल्याच आहेत, पण त्यांच्या आधाराने शोधायला गेलं तर ठरावीक घरांतली मुलंच सापडतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका मोठ्या शाळा-जिल्ह्याने २००५ च्या सुमारास एक बदल केला. तोवर प्रज्ञावान मुलांच्या कार्यक्रमासाठी शिक्षक किंवा पालक नावं सुचवत. त्याऐवजी दुसरीतल्या सगळ्याच मुलांची एक छोटी प्राथमिक चाचणी घ्यायला सुरुवात झाली. या बदलाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी) वंशाची मुलं आधीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने पुढे आली. ही मुलं आधीही त्याच वर्गांत बसत होती, फक्त त्यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं. पुढे पैशांअभावी ती चाळणी थांबली आणि ही संख्या पुन्हा घसरली. मला हा निष्कर्ष फार अस्वस्थ करतो, कारण तो आपल्या नजरेबद्दल आहे.

म्हणून मी चाचणीच्या विरोधात नाही. सगळ्यांची चाचणी घेतली तर ती न्याय्य असते. पण तिच्या एका आकड्यावर मुलाचं भवितव्य टांगू नये. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात उच्च बुद्ध्यांकाची दीड हजारांहून अधिक मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. त्यांतली बरीच उत्तम शिकली, चांगल्या पदांवर पोहोचली. पण त्या वेळी चाचणीत कमी पडल्यामुळे गाळली गेलेली दोन मुलं होती विल्यम शॉक्ले आणि लुईस अल्वारेझ. पुढे पहिल्याला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी कोणालाही ते मिळालं नाही.

तू विचारशील, अशी मुलं असतात तरी किती? बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरतात. १३० च्या वर साधारण दोन टक्के मुलं असतात, म्हणजे चाळीसच्या वर्गात सरासरी एखादं. १४५ च्या वर जाणारं हजारात एखाद-दुसरंच. पण ही सरासरी बुद्ध्यांकाची झाली. एखाद्या मुलीची प्रज्ञा फक्त भाषेत असेल, एखाद्याची फक्त आकृत्यांत, एखाद्याची संगीतात, आणि एकत्रित आकड्यात ती बुडून जाईल. म्हणून 'माझ्या वर्गात प्रज्ञावान कोण?' असं विचारण्यापेक्षा 'या विषयात, या क्षणी, वर्गाच्या पुढे कोण आहे?' असं विचार. हा प्रश्न जास्त प्रामाणिक आहे आणि त्याच्या उत्तरावर तुला उद्याच काहीतरी करता येतं.

लक्षणांच्या याद्या खूप मिळतील. त्या वाच, पण त्यांवर खुणा करत बसू नकोस. मी काय बघते ते सांगते. मूल मधल्या पायऱ्या गाळून उत्तराला पोहोचतं आणि 'कसं काढलंस?' विचारलं की गोंधळतं. प्रश्नाचं उत्तर देण्याऐवजी प्रश्नाच्या अटीच तपासायला लागतं: 'शून्य चालेल का? दोघं एकाच वेळी निघाले असं धरायचं का?' एखाद्या विषयाचा असा ध्यास घेतं की त्यातलं त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. नियम सर्वांना सारखा लागू झाला नाही तर कळवळून भांडतं. आणि पुनरावृत्ती त्याला खरोखर सोसत नाही. हा आळस असेलच असं नाही. आणि काही मुली मात्र यातलं काहीच दाखवत नाहीत. मैत्रिणींत वेगळं पडू नये म्हणून त्या उत्तर येत असूनही हात खाली ठेवतात, मुद्दाम एखादं गणित चुकवतात. त्या शिस्तीत असतात, त्यांची कोणाला तक्रार नसते, म्हणून त्या सर्वांत सहज निसटतात. त्या मुलाकडे बघताना अशी एखादी मुलगी शेजारच्या बाकावर बसली नाही ना, तेही बघ.

आता अवघड म्हणजे काय द्यायचं? पुढच्या इयत्तेचं पुस्तक लगेच उघडायला नको. जिथे सगळ्यांना शिरता येतं आणि ज्याला हवं त्याला खूप खोल जाता येतं, असं काम शोध. विभाजक शिकवते आहेस ना? मग सगळ्या वर्गाला एक ते तीस या संख्यांचे विभाजक लिहायला सांग आणि विचार, कोणत्या संख्यांच्या विभाजकांची संख्या विषम येते? विभाजक काढणं प्रत्येकाला जमेल. काही जणांना दिसेल की त्या संख्या १, ४, ९, १६, २५ आहेत. त्यांतल्या काहींना आठवेल की या वर्गसंख्या आहेत. आणि एखादं मूल तिथे थांबणारच नाही. 'पण असं का होतं?' याच्या मागे लागेल. विभाजक जोडीजोडीने येतात आणि वर्गसंख्येत एक विभाजक स्वतःचाच जोडीदार असतो, हे ते स्वतः शोधेल. त्याने ते कोणत्या शब्दांत सांगितलं ते लिहून ठेव. कोणत्याही गुणपत्रकापेक्षा ती नोंद तुला जास्त सांगेल. भाषेच्या तासाला असंच करता येतं. गोष्ट वाचून झाली की विचार, या गोष्टीचा शेवट बदलायचा असेल तर सुरुवातीचं कोणतं वाक्य बदलावं लागेल? हे काम सगळ्या वर्गाला दिलंस, की कोणाला आधीच बाजूला काढावं लागत नाही. ज्याच्याकडून तुला काहीच अपेक्षा नव्हती असं मूलही कधीकधी पुढे येतं.

यानंतरची पायरी बहुतेक शिक्षकांना जड जाते: जे त्याला येतं ते त्याच्याकडून पुन्हा करून घ्यायचं नाही. लीटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच निरीक्षण नोंदवलं होतं की, १४० बुद्ध्यांकाच्या मुलाचा साध्या वर्गात निम्मा वेळ वाया जातो आणि १७० च्या पुढच्या मुलाचा जवळजवळ सगळाच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शिक्षकांनी अशा मुलांच्या अभ्यासक्रमातला ४० ते ५० टक्के भाग काढून टाकला. त्यांची परीक्षेतली कामगिरी घसरली नाही. इतकं ओझं ही मुलं विनाकारण वाहत असतात, मुली!

त्यासाठी साधी रीत अशी. स्वाध्यायात वीस गणितं असतील तर त्यांतली सर्वांत अवघड पाच निवड. कोणीही आधी ती पाच सोडवू शकतं, असं वर्गात जाहीर कर. पाचपैकी चार बरोबर आली, की उरलेली पंधरा त्याला माफ. ही सवलत सगळ्यांना खुली ठेव, म्हणजे 'त्यालाच का?' ही कुरबूर होत नाही. धडा सुरू करण्याआधी त्या धड्याचीच परीक्षा घेऊन टाकायची, हा दुसरा मार्ग. ज्यांना आधीच येतं त्यांचा वेळ मोकळा होतो.

मोकळ्या झालेल्या वेळाचं काय करायचं, इथे मात्र फार जप. आणखी वीस गणितं देऊ नकोस. पटकन काम केल्याबद्दल जास्त काम मिळतं हे मुलाला दोन दिवसांत कळतं आणि तिसऱ्या दिवसापासून ते हळू काम करायला शिकतं. त्याला रोज दुसऱ्यांना शिकवायलाही बसवू नकोस. अधूनमधून मदत करणं चांगलं, पण तोही तुझ्याकडे शिकायलाच आला आहे. आणि 'शांत बस' हे तर उत्तरच नव्हे. त्या वेळात त्याला स्वतःचा एखादा प्रश्न धसास लावू दे. त्याने विचारलेला आणि तुला न सुटलेला प्रश्नच तिथे घे. आठवड्यातून एकदा त्याच्याजवळ बसून कुठवर आलं ते विचार. तुला उत्तर माहीत नसलं तरी चालेल. शोधायचं कसं हे तुला माहीत आहे, आणि त्याला तेच हवं आहे.

कोऱ्या वहीबद्दल आणि अक्षराबद्दल तू नाराज आहेस. जरा थांब. तोंडी विचारलं तर तो सगळं सांगतो का? सांगत असेल आणि लिहायला बसला की अडत असेल, तर हा हट्ट नसून लेखनातली खरी अडचण असू शकते. प्रखर बुद्धी आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे लिहिणं-वाचणं शिकण्यातली अडचण, एकाच मुलात असू शकतात. बुद्धी अडचण झाकते आणि अडचण बुद्धी झाकते, त्यामुळे असं मूल दोन्ही बाजूंनी मध्यम दिसतं आणि कोणतीच मदत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मानसशास्त्रज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्यायची खरी गरज मला इथे वाटते. ती होईपर्यंत काही उत्तरं तोंडी घे, काही टंकलिखित चालव. आधी अक्षर सुधार आणि मग तुला अवघड देईन, ही अट घालू नकोस.

मुलाचं मनही बघ. विचार करायला बारा वर्षांचा, रडायला सात वर्षांचा आणि पेन्सिल धरायला सहा वर्षांचा, असा एकच मुलगा असू शकतो. 'एवढा हुशार आणि असं वागतोस?' हे वाक्य तुझ्या तोंडून कधी येऊ नये. वयाने तो नऊच वर्षांचा आहे आणि तसं वागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्याची स्तुती करताना 'किती हुशार आहेस' असं सारखं म्हणू नकोस. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मांडलेल्या प्रयोगांत, ज्या मुलांच्या बुद्धीची स्तुती झाली त्यांनी पुढे सोपं काम निवडलं आणि अपयश आल्यावर ती लवकर खचली. हुशार हीच ओळख झाली की न येणारी प्रत्येक गोष्ट त्या ओळखीवर घाव घालते. त्याने काय करून पाहिलं, कुठला मार्ग सोडून दिला आणि का, त्याबद्दल बोल. अवघड काम पहिल्यांदा समोर आलं की तो चिडेल, कदाचित कागद फाडेल. आजवर कधी अडखळलाच नाही, तर अडखळायचं कसं हे त्याला कोण शिकवणार? तेव्हा काम मागे घेऊ नकोस, त्याच्याजवळ बस.

पुढच्या वर्गात बसवावं का, याबद्दल शाळेत तुला एकच वाक्य ऐकू येईल: मुलाचं सामाजिक नुकसान होईल. २००४ मध्ये आयोवा विद्यापीठातून आलेल्या एका मोठ्या अहवालाने याविषयीचं कितीतरी दशकांचं संशोधन एकत्र केलं. नीट पारखून पुढे नेलेल्या मुलांचं शिक्षणात भलं होतं आणि समाजात मिसळण्यात त्यांचं सहसा नुकसान होत नाही, असंच त्यातून दिसलं. ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस या संशोधक बाईंनी अतिशय उच्च बुद्ध्यांकाच्या साठ मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. दोन किंवा अधिक वर्षं पुढे नेलेल्यांना मित्र मिळाले, शिक्षणाची गोडी टिकली. समवयस्कांबरोबरच अडकवून ठेवलेल्यांतली अनेक एकटी पडली. समवयस्क म्हणजे जन्मवर्ष सारखं असलेले, पण मैत्री जुळते ती ज्याच्याशी मनातलं बोलता येतं त्याच्याशी.

तरीही तुझ्या वर्गातल्या त्या मुलासाठी पूर्ण वर्ग गाळण्याची घाई मी करणार नाही. त्याच्या भाषेबद्दल आणि लेखनाबद्दल आपल्याला अजून पुरेसं कळलेलं नाही. गणितापुरतं त्याला वरच्या वर्गात बसू दे. त्यात अडचण येते ती वेळापत्रकाची, म्हणून मुख्याध्यापकांकडे जाताना 'हा मुलगा प्रज्ञावान आहे' असा दावा घेऊन जाऊ नकोस. त्याने केलेलं काम तारखांसह घेऊन जा आणि एकच मागणी कर: पुढच्या सत्रात दोन्ही वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी ठेवा. सहा आठवडे बघू, नाही जमलं तर तो परत येईल. अशी परतीची वाट असलेली मागणी नाकारणं कठीण जातं. त्याच्या आईवडिलांशी त्याआधी बोल आणि त्यांनी ही गोष्ट नातेवाइकांत मिरवू नये, एवढं त्यांना आवर्जून सांग. त्या मुलालाही विचार, कारण जायचं तर त्यालाच आहे.

वेळापत्रक एकदा ठरलं की वर्षभर हलत नाही, तेव्हा हे बोलणं याच महिन्यात व्हायला हवं. विभाजकांचं काम मात्र सोमवारीच दे. त्याने काय लिहिलं आणि वर्गात आणखी कोण थांबायला तयार नव्हतं, ते मला सविस्तर कळव.

तुझ्या,
बाई