मुलांना शाश्वत विकास आणि जागतिक नागरिकत्व शिकवणारे चांगले खेळ कोणते?

माझी पहिली पसंती 'फिशबँक्स'ला. डेनिस मेडोज यांनी तयार केलेल्या या खेळात प्रत्येक गट एक मासेमारी कंपनी चालवतो. बोटी किती घ्यायच्या, कुठे पाठवायच्या, हे ठरवायचं. सुरुवातीला नफा जोरात, म्हणून सगळेच बोटी वाढवतात आणि बघता बघता समुद्र रिकामा होतो. कुणी लबाडी केलेली नसते, तरी सगळे बुडतात. हे मुलांना स्वतःच्या निर्णयांतून उमगतं, भाषणातून नाही. मात्र खेळानंतर अर्धा तास चर्चेला ठेवाच: मासे कमी होताहेत हे कधी कळलं? कळूनही का थांबलो नाही? चर्चा गाळली, तर 'कोण जिंकलं' एवढंच लक्षात राहतं.

आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी संयुक्त राष्ट्रांचा 'गो गोल्स' हा सापशिडीच्या धर्तीचा पट आहे. १७ शाश्वत विकास उद्दिष्टांवरचे प्रश्न त्यात येतात आणि तो मोफत छापून घेता येतो.

मोठ्या मुलांना 'डेब्रेक' (२०२३) हा हवामान बदलावरचा पटखेळ द्या. चीन, अमेरिका, युरोप आणि उर्वरित जग अशा भूमिका घेऊन कार्बन उत्सर्जन घटवायचं. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे. नियम जरा किचकट आहेत, पहिला डाव समजून घेण्यातच जाईल.