बागेच्या ग्रुपवर सह्यांची मोहीम

प्रश्न : गच्चीवरील बागकामाची आवड असणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी गेली सहा वर्षे सांभाळते. सुमारे तीनशे सदस्य आहेत. गेल्या महिन्यात रस्ता रुंदीकरणासाठी आमच्या भागातील जुनी झाडे तोडण्याची नोटीस ११ तारखेला झाडांवर चिकटवण्यात आली आणि १५ तारखेला एका सदस्याने ऑनलाइन सह्यांच्या मोहिमेची लिंक ग्रुपवर टाकली. “दोन मिनिटे लागतात, सर्वांनी सही करा,” एवढेच सोबत लिहिले होते. तीच लिंक आणखी पाच जणांनी टाकली. मग कोणी टोलविरोधी अर्ज आणला, कोणी भटक्या कुत्र्यांविषयीचा. एका आजींनी जास्वंदीवरील पिठ्या ढेकणाचा फोटो टाकून उपाय विचारला होता, तो या गर्दीत वर सरकून गेला आणि त्यांना उत्तर मिळाले तिसऱ्या दिवशी. दोघे जण ग्रुप सोडून गेले. “हा बागेचा ग्रुप आहे, चळवळीचा नाही,” असे निम्मे म्हणतात, “झाडे तुटत असताना कुंड्यांविषयी काय बोलायचे?” असे बाकीचे विचारतात. अ‍ॅडमिन म्हणून मी काय करावे? आणि यातून काही कायद्याचे लचांड माझ्यामागे लागेल का?
— एक वाचक

उत्तर : कायद्याचा धसका आधी दूर करतो. एखाद्या सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला एवढ्याच कारणावरून ग्रुपच्या अ‍ॅडमिनला गुन्ह्यात जबाबदार धरता येत नाही, त्यासाठी दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसावा लागतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. सह्यांचा साधा अर्ज तर मुळात आक्षेपार्ह मजकूरही नव्हे. उरतो तो यजमानपणाचा प्रश्न.

त्याबाबत माझे मत असे, की झाडांविषयीच्या अर्जाला आपल्या ग्रुपमध्ये जागा असलीच पाहिजे. मात्र अर्ज आणणाऱ्याने त्याच्याबरोबर स्वतःही तिथे थांबले पाहिजे. टोल आणि भटकी कुत्री हे विषय कितीही महत्त्वाचे असोत, ते मांडायला दुसऱ्या जागा आहेत आणि तसे सांगताना आपण अवघडून जाण्याचे कारण नाही. परंतु कुंडीतल्या जास्वंदीची काळजी करणाऱ्यांना रस्त्यावरच्या वडाविषयी तोंडच उघडू न देणे मला विचित्र वाटते. कोकोपीट कोणते घ्यावे यावर सहा वर्षे बोलत आलेली माणसे झाडाविषयी एकमेकांचे ऐकण्याइतकी ओळखीची झालेली असतात, आणि अशी ओळख सह्या गोळा करणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर तयार मिळत नाही.

सही मागणाऱ्याने समजावून सांगायला थांबावे, ही अपेक्षा आजची नाही. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिचा उगम पर्वती संस्थानच्या, म्हणजे पर्वतीवरील देवस्थानच्या, कारभाराविषयीच्या तक्रारींत होता. सभासद व्हायचे तर किमान ५० लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पहिल्या ९५ सभासदांमागे अशा सुमारे ६,००० लोकांचा अधिकार उभा होता. पन्नास जणांकडे सही मागायची म्हणजे पन्नास वेळा समजावून सांगणे आले, आणि त्यांतले दहा जण तरी वाकडे प्रश्न विचारणार, हे पुण्यात तर गृहीतच धरायला हवे.

लिंकने हे हेलपाटे वाचवले, पण त्यांच्याबरोबर समजावून सांगणेही गेले. त्याचा परिणाम नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरील सर्व सेवांना समान वागणूक असावी की नाही या, वादात वर्षभराच्या आत दोन्ही अंगांनी दिसला. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाविषयी एक मसुदा चर्चेसाठी काढला आणि त्यात लोकांना २० प्रश्न विचारले, तेही बऱ्यापैकी तांत्रिक भाषेत. स्वयंसेवकांनी, ज्यांत रेडिटसारख्या चर्चामंचांवरचे लोकही होते, तो मसुदा वाचला, एकेका प्रश्नावर आपसांत वाद घातला, उत्तरे लिहून काढली आणि मग इतरांना ती पाठवण्याचे आवाहन केले. दहा लाखांच्या घरात ईमेल गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वेगवेगळ्या सेवांसाठी डेटाचे वेगवेगळे दर असावेत का, यावर ट्रायने दुसरा मसुदा काढला, तेव्हा फेसबुकने निवडक संकेतस्थळे मोफत देणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या बाजूचा तयार मजकूर वापरकर्त्यांपुढे ठेवला. बटण दाबले की तो ट्रायच्या दारात. असेही लाखो ईमेल आले. आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे यांत नाहीत, असे ट्रायने कंपनीला कळवले आणि सल्लामसलतीची घडवून आणलेली मतचाचणी केली जात असल्याबद्दल नापसंतीही नोंदवली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी अशा दरभेदावर बंदी घालणारा आदेश निघाला. त्या वादात माझा कल कोणीकडे होता हे आपण ओळखले असेलच. तेव्हा हेही कबूल करायला हवे की तयार मजकूर दोन्हीकडे होता. पण त्यांतल्या पहिल्याच मजकुरामागे प्रश्न वाचून भांडलेली माणसे होती, आणि ती भांडली होती ती चर्चेच्याच जागांवर. तिथल्या कोणा नियंत्रकाने “येथे मोहिमा नकोत” अशी पाटी लावली असती, तर ती उत्तरे कुठे लिहिली गेली असती, मला ठाऊक नाही.

मोठा आकडा म्हणजे जीत, असे मात्र कोणाला सांगू नका. आरेतील मेट्रो कारशेडसाठी २,६०० हून अधिक झाडे हटवण्याच्या प्रस्तावावर ८० हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या, तरी ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने परवानगी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली ती कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची स्वतःहून दखल घेऊन. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती, आणि कारशेडची जागा शेवटी तीच राहिली.

आता आपल्या ग्रुपचे. अर्ज आणणाऱ्या सदस्याने लिंकच्या आधी चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात : अर्ज कोणाच्या नावे आहे, त्या अधिकाऱ्याला खरोखर तो निर्णय घेता येतो का, मुदत कधी संपते, आणि मोहीम कोणी सुरू केली. पुढचे दोन दिवस प्रश्नांना उत्तरे देण्याची तयारी असावी. ती नसेल तर लिंक आपण काढून टाकावी, कारण ज्या अर्जाविषयी आणणाऱ्यालाच बोलायचे नाही त्याविषयी इतरांनी काय बोलायचे? लिंक एकदाच यावी. आठवड्यातला एक ठरावीक दिवस अशा अर्जांसाठी ठेवला, तर पिठ्या ढेकणाचे फोटोही वाचतील; मुदतीची घाई असेल तेव्हा तेवढा अपवाद करा. सही न करणाऱ्याला “तुम्ही अजून केली नाही?” असे विचारण्याला मात्र सक्त मनाई हवी. दोघे ग्रुप सोडून गेले ते लिंकमुळे की अशा एखाद्या विचारण्यामुळे, हे एकदा फोन करून पाहा.

सही करताना बहुधा ईमेल आणि काही ठिकाणी मोबाइल क्रमांकही द्यावा लागतो, हेही सदस्यांना आधी कळायला हवे. काही संकेतस्थळांवर सही होताच पैसे मागणारे पान उघडते. ते पैसे बहुधा त्या अर्जाच्या जाहिरातीसाठी संकेतस्थळाकडे जातात, झाडे वाचवायला धावणाऱ्यांच्या हाती पडत नाहीत. अनेक ज्येष्ठ सदस्य ती देणगी समजतात.

आणि आपल्या पत्रातली जी गोष्ट मला सर्वांत खटकली ती अशी. महाराष्ट्रातील शहरांत झाडे तोडण्याबाबत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, आणि झाडावर चिकटवलेली नोटीस ही नागरिकांकडून हरकती मागवण्यासाठी असते. त्यासाठी सात दिवस मिळतात. हरकत वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी द्यावी लागते. त्यात झाड कोणते, ते कुठे आहे आणि रस्ता त्याला वळसा घालून का जाऊ शकतो, हे लिहिता येते, आणि पोच मिळते. लिंकवरची सही म्हणजे अशी हरकत नव्हे. नोटीस ११ तारखेची, लिंक १५ ची. म्हणजे तिसऱ्या दिवशी आजींना उत्तर मिळाले त्या सुमारास मुदत संपत आली होती. सहा जणांनी लिंक टाकली, त्यांपैकी एकाने तरी वृक्ष प्राधिकरणात हरकत दाखल केली का? आपल्या पत्रात तसा उल्लेख नाही. ग्रुपचे नियम ठरवायला बसण्याआधी ते विचारून घ्या.